कुबडीवरचं नाव

६ जानेवारी

ताई,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता न्हावीकाकांकडून लिहून घेतला आहे. तू नोकरी करतेस त्या रुग्णालयाचं नाव त्यांनी दोनदा चुकवलं आणि दोन पाकिटं वाया गेली. तिसऱ्या वेळी मी शेजारी उभा राहून वेलांट्या सांगत होतो, तर म्हणाले, "अरे, मी केस कापतो, वेलांट्या नाही." हे पाकीट वाकडंतिकडं दिसलं तर त्याचं कारण हे आहे.

कामाचं आधी लिहितो. कुबड्यांचे बूट संपले आहेत. बाजारात टोकाला लावायचं जे रबर मिळतं ते ओल्या फरशीवर टिकत नाही. आपले बूट टिकायचे. ते मिश्रण कसं करायचं हे बाबांना ठाऊक आणि तुला ठाऊक. मला लहानपणी त्या वाफेने दम लागायचा, म्हणून मागच्या खोलीत मला कधी येऊच दिलं नाही. तू गेल्यावर बाबा दार लावून एकटेच करायचे.

बाबांनाच का विचारत नाही, असं तू म्हणशील. बाबा बरे आहेत. हल्ली फार बोलत नाहीत.

मी माझ्या परीने करून पाहिलं. मागच्या खोलीत चार डबे आहेत. रबर, गंधक आणि काळी पूड असलेले तीन ओळखले. चौथा रिकामा आहे. हुंगून पाहिला, कसलाच वास नाही. तिघांचंच मिश्रण करून साच्यात घातलं तर बूट दिसायला अगदी आपल्यासारखे झाले. ते लावलेली पहिली कुबडी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांना दिली. ते न्हाणीघरात घसरले. मनगट मुरगळलं आहे, हाड शाबूत आहे. ते कुबडी परत घेऊन आले, तरी रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तुमची कुबडी घेताना मी कधी खाली बघितलं नव्हतं." रागावले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या डब्यात काय असतं आणि किती घालायचं, एवढंच कळव. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तू जाताना बजावलं होतंस, की ते नाव पुन्हा तुझ्या कानावर पडता कामा नये. बाबा तुला लाडाने ज्या नावाने हाक मारायचे आणि जे प्रत्येक कुबडीवर ठोकलेलं असतं, ते. मी ते पत्रात कुठेही लिहिणार नाही. लिहायची वेळ आली तर नुसतं 'नाव' असं लिहीन. तेवढी काळजी घेऊन वाच.

तुझा,
कानामात्रा

(तूच ठेवलेलं नाव आहे. मला कधी राग आला नव्हता.)


२२ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असं धरून चालतो, कारण परत आलेलं नाही.

मिश्रणाचं आज विचारत नाही. दुसरंच झालं आहे. मोठ्या बाजारातल्या एका घाऊक व्यापाऱ्याने आपल्या कुबडीची हुबेहूब नक्कल काढली आहे. खटका तोच, मूठ तीच, नाव तेच, नावाखाली आईने काढलेला एका पायावर उभा असलेला पक्षीसुद्धा तोच. सोबतचं पत्रकही आपलंच, 'जिना चढण्याची रीत', शब्दाला शब्द. बूट मात्र भलतेच आहेत. लोक त्यांच्या कुबडीवरून घसरतात आणि भांडायला आपल्याकडे येतात. मला तोंड वर करून बोलता येत नाही, कारण सध्या आपल्याही घसरतात. त्यांची कोणती आणि आपली कोणती, हे आता पडल्यावरच कळायचं.

न्हावीकाका म्हणाले, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सरकारी बाई बसतात आणि फुकट सल्ला देतात, जा. दारावर 'बौद्धिक संपदा हक्क मार्गदर्शन' असा फलक होता. न कळणारा फलक लागला की आठवीपर्यंतच शिकलेल्या माणसाने आधी पायपुसण्यावर जास्त वेळ पाय पुसावेत, तसे पुसले आणि आत गेलो.

मॅडम वयाने तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. मी बोलायला लागलो तर म्हणाल्या, "थांबा, आधी कुबडी बघू." रोगी तपासायला घ्यावा तशी त्यांनी ती टेबलावर आडवी घेतली. "घर, जमीन, दागिना, ही हाताला लागणारी मालमत्ता. ही डोक्यातून निघालेली. हिला कुंपण घालता येत नाही, म्हणून कायदा घालतो. पण कुंपण एकच नसतं. तुमच्या या एका कुबडीत किती वेगवेगळे हक्क निजलेत, दाखवू?"

आणि त्यांनी पेनाच्या टोपणाने एकेका जागी टकटक केलं. खटक्यावर टोपण ठेवून म्हणाल्या, हे यंत्र चालतं कसं, ही नवी युक्ती, तिचा हक्क म्हणजे पेटंट. मुठीवर ठेवून म्हणाल्या, हातात बसणारा हा घाट, नुसतं रूप, त्याचं डिझाइन म्हणून वेगळं रजिस्टर असतं. ठोकलेल्या नावावर आणि पक्ष्यावर ठेवलं. यावरून गिऱ्हाइकाला कळतं की माल कुणाचा, हा ट्रेडमार्क. पत्रक उचललं. लिहिलेले शब्द आणि काढलेलं चित्र, याचा कॉपीराइट. "हा मागावाही लागत नाही. कागदावर उतरलं त्या क्षणी तो लिहिणाऱ्याचा होतो." मग बुटावर टोपण बराच वेळ राहिलं. "आणि यात काय घालता?"

मी म्हणालो, "सांगता येणार नाही."

त्या खूश झाल्या. "शाबास! हे व्यापारी गुपित. याची नोंदणी नाही, मुदत नाही. जोवर तुम्ही जपाल तोवर तुमचं. बाहेर फुटलं की गेलं."

मला सांगता येणार नाही म्हणजे मला माहीतच नाही, हे मी बोललो नाही.

शेवटी एक राहिलंच म्हणाल्या. एखाद्या गावच्या मातीमुळे, पाण्यामुळे वस्तूला नाव मिळतं, तो साऱ्या गावाचा सामाईक हक्क, भौगोलिक म्हणतात त्याला. "तो तुम्हाला नको. घसरणं सगळ्या गावांत सारखंच."

मग विचारलं, खटका कुणी शोधला? मी खरं ते सांगितलं. ताई तेव्हा शाळेत होती. जिना चढताना काखेत कुबडी रुतायची म्हणून रडण्याऐवजी तिने छत्रीचा खटका उसकटून पाहिला आणि बाबांना म्हणाली, अंगठ्याने दाबलं की कुबडी पायरीएवढी आखूड व्हायला हवी आणि वर पाय टेकला की परत लांब. बाबांनी लाकूड कापलं, पितळ घासलं. युक्ती ताईची.

"पहिली कधी विकली?"

"तेव्हाच. आमच्या इथल्या रुग्णालयाच्या अंगणात बाबांनी सगळ्यांना चालवून दाखवली होती."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मग पेटंट गेलं. मुठीचंही गेलं. हे हक्क नव्याला मिळतात. जगाला दाखवून झालं, विकून झालं, की ते नवं राहत नाही. आधी अर्ज, मग बाजार. तुम्ही उलटं केलंत. आता खटका सगळ्यांचा."

"बाबांचा नाही?"

"नाही."

"आणि ताईचा?"

"वेळेत अर्ज केला असता तर त्यात शोध लावणाऱ्याचं नाव वेगळं लिहावं लागतं. मालक वडील असोत नाहीतर कंपनी, पण शोध ज्याने लावला त्याचं नाव तिथे येतं. ते तिचं आलं असतं. पूर्ण नाव."

ताई, मी जिना उतरलो आणि खालच्या बाकावर बसून राहिलो. पत्रकाची नवी छपाई आली होती तो दिवस आठवला. 'शोध व निर्मिती' आणि खाली बाबांचं नाव. तू म्हणालीस, "खटका माझा आहे." बाबा हसून म्हणाले, "अगं, एकूण एक कुबडीवर तुझंच नाव ठोकतोय की मी!" ते खरंच तसं समजत होते. तू म्हणालीस, "ते लंगड्या पोरीचं लाडाचं नाव आहे. आता तर ते माझंही नाही, लाकडाचं आहे. मला माझं नाव हवंय, दाखल्यावरचं." बाबा म्हणाले, "दाखल्यावरच्या नावाने कोण कुबडी घेणार?" पुढचं तुला माहीत आहे.

तुम्ही ज्याच्यासाठी भांडलात ते त्या दिवशी आपल्यापैकी कुणाचंच नव्हतं. हे तुला कळवावं की नाही, कळत नव्हतं. कळवलं.

तुझा,
कानामात्रा


१० फेब्रुवारी

ताई,

पहिल्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं होतं. ते बरोबर नाही. सप्टेंबरात त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. बुटांचा साठा डिसेंबरपर्यंत पुरला, म्हणून पत्र जानेवारीत लिहिलं. तुला बोलावण्यासाठी आजार पुढे केला असं तुला वाटू नये म्हणून लपवलं. आता लिहितो आहे कारण मिश्रण मी त्यांना का विचारत नाही, हा प्रश्न तसाच राहिला तर तू मला मूर्ख समजशील.

त्यांची खाट मी दुकानाच्या मागच्या बाजूला, पडद्याआड ठेवली आहे. तिथून त्यांना काउंटर दिसतो. ठोकाठोकीचा आवाज बंद झाला की ते अस्वस्थ होतात, म्हणून काम नसलं तरी मी काहीतरी ठोकत असतो.

मॅडमकडे पुन्हा गेलो होतो. त्यांनी दोन्ही पक्षी, आपला आणि व्यापाऱ्याचा, शेजारी ठेवून भिंगातून पाहिले आणि विचारलं, "याच्या पायाला पुढे चार बोटं का?"

तुला आठवतंय ना? आपण आईला किती छळलं होतं त्यावरून. तू म्हणायचीस, "आई, पक्ष्यांना पुढे तीनच बोटं असतात." आणि आई म्हणायची, "बिचारा एकाच पायावर उभा आहे, त्याला एक जास्तीचं नको?" बाबांनी तसाच ठसा करून घेतला.

व्यापाऱ्याच्या पक्ष्यालाही चार आहेत.

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "चूक चोरली की चोरी शाबीत झाली! बरोबर चित्र कुणालाही सुचतं. ही चूक जगात फक्त तुमच्या आईंना सुचली." मी म्हणालो, आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "म्हणून काय झालं? पेटंट वीस वर्षांत संपतं. कॉपीराइट माणूस गेल्यावरही कितीतरी वर्षं राहतो. हा पक्षी अजून त्यांचा आहे. त्यांच्या मागे तुमच्या वडिलांचा आणि तुम्हा दोघांचा."

घरी येईपर्यंत मी ते वाक्य धरून होतो. पक्षी अजून आईचा आहे.

नोटीस पाठवायची तर वारस म्हणून तुझी सही लागेल. पत्रकातले शब्दही तुझेच आहेत, 'आधी सशक्त पाय, मग कुबडी, मग धीर'. ते तू लिहिलंस हे मी मॅडमना सांगितलं आहे, आणि नोटिशीत तुझं पूर्ण नाव आहे, दाखल्यावरचं. कागद सोबत आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. बाबांचा डाव्या हाताचा अंगठा घेतला.

तुझा,
कानामात्रा


२ मार्च

ताई,

सही मिळाली. पाकीट उलटं करून झटकलं आणि उजेडातही धरून पाहिलं. दुसरं काही नव्हतं. सहीबद्दल आभारी आहे. ती फुलीवर अगदी बरोबर आली आहे.

नोटीस मिळाल्यावर व्यापारी स्वतः आला. गोरागोमटा, हसरा माणूस. आल्या आल्या शेजारी न्हावीकाकांच्याच खुर्चीत बसून दाढी करून घेतली, मग आपल्याकडे आला. काका त्याच्यामागोमाग, हातात वस्तरा घेऊन. मी त्यांना तो ठेवून यायला सांगितलं.

"काय हो," व्यापारी म्हणाला, "पक्षी काय तुमच्या घरचा आहे? असले शेकड्याने हिंडतात आभाळात."

"बोटं मोजा," मी म्हणालो.

त्याने मोजली. "चार. बरं मग?"

"आभाळातल्याला पुढे तीनच असतात. चौथं आमच्या आईचं आहे."

तो पुन्हा मोजायला लागला. काका म्हणाले, "सावकाश मोजा शेठ, घाई नाही. दाढी झालीच आहे." मग तो बराच वेळ हसला नाही. शेवटी कबूल झाला, पक्षी, पत्रक आणि नाव, तिन्ही काढून टाकतो. जाताना दारात वळून म्हणाला, "आणि खटका?"

मी म्हणालो, "तो वापरा. तो सगळ्यांचा आहे." हे म्हणताना मला तुझ्याकडे बघवलं नसतं.

आता नावाचीही रीतसर नोंदणी करून टाका असं मॅडम म्हणतात. नव्याची अट नावाला नाही. तिथे उलट जितका जुना वापर तितका हक्क पक्का. दर दहा वर्षांनी पुढे चालू ठेवता येतं, कधीच संपत नाही. फक्त एक अट. वापरत राहायला हवं. वर्षानुवर्षं वापरलं नाही तर कुणीही म्हणू शकतं, हे नाव आता यांचं नाही.

बाबांचं. त्यांची वाचा गेली असं मी लिहिलं, तेही पूर्ण बरोबर नाही. त्यांना एक शब्द येतो. तेवढा एकच. पाणी हवं तरी तोच, कूस बदलायची तरी तोच. डॉक्टर म्हणतात या आजारात असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही.

जेवणाचं ठीक आहे. अक्रोडाचं वेड मात्र तसंच. मी फोडून गर भरवतो. पूर्वीसारखीच टरफलं टाकू देत नाहीत. डाव्या हाताने ताटली माझ्याकडे ढकलतात आणि तो शब्द म्हणतात, पुन्हा ढकलतात, पुन्हा म्हणतात. आणखी हवेत असं वाटून मी आणखी फोडतो, तर तोंड मिटून घेतात आणि डोळ्यांत पाणी. परवा मी वैतागून टरफलं बाहेर फेकली तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले. मला त्यांचं काय करावं कळत नाही. तुला सांगून उपयोग नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझा,
कानामात्रा


१४ मार्च

ताई,

बाबा परवा दुपारी गेले. शांतपणे गेले. रुग्णालयाच्या कार्यालयात फोन करून तुझ्यासाठी निरोप ठेवला होता. तो तुला दिला असं तिथले गृहस्थ म्हणाले.

सगळं नीट पार पडलं. न्हावीकाकांनी शेवटची दाढी केली. बोलत बोलत केली, नेहमीसारखी.

तुझा भाऊ


२० मार्च

ताई,

तुझा डबा आज मिळाला. त्यावर टपालाची तारीख बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशीची आहे. म्हणजे निरोप मिळायच्या आधीच तू तो पाठवलास. हे मी पुन्हा पुन्हा पाहून घेतलं.

आतली पूड हातावर घेतली. तपकिरी, खरखरीत. हुंगली तर कसलाच वास नाही. मग तुझी चिठ्ठी वाचली.

'अक्रोडाची टरफलं. वाळवून कुटायची, चाळायची. पिठासारखी नको, वाळूसारखी हवी. रबराच्या वजनाच्या आठवा भाग. ते तुला तेच सांगत आहेत रे. ताटली घे त्यांच्या हातून.'

मला वाटायचं बाबांना अक्रोड आवडतात. इतकी वर्षं ते आणत राहिले, आपण दोघं खात राहिलो, आणि टरफलं कुठे जातात हे मी कधी विचारलं नाही. आपण खाल्लेल्या अक्रोडांवर लोक चालत होते. तुला हे माझ्या पत्रातून दोन गावं पलीकडे कळलं, मला समोर बसून कळलं नाही. ते रोज माझ्या हातात ते ठेवत होते आणि मी बाहेर फेकत होतो.

बूट केले. फरशी धुतली, पुसली नाही, आणि तिच्यावर चालून पाहिलं. मग निवृत्त शिक्षकांना बोलावलं. त्यांनी कुबडी टेकली, भार दिला, आणखी भार दिला. खाली बघितलं नाही.

आता चिठ्ठीच्या मागच्या बाजूचं. तिथे तू विचारलं आहेस, 'बाबा कोणता शब्द म्हणतात? लगेच कळव. मग मी काय ते ठरवते.'

ताई, मॅडम म्हणाल्या होत्या की गुपित जपाल तोवर तुमचं. बाबांनी त्यांचं जपलं. मीही माझं जपलं. तू बजावलं होतंस म्हणून जपलं, आणि लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं की तुला ओढून आणायला मी शब्द बनवला. मी इतका नेमका विचार केला की त्यात सहा महिने गेले.

ते टिटवी म्हणायचे.

पाणी हवं तरी टिटवी. दुखलं तरी टिटवी. मी दुकान उघडलं की टिटवी, कुलूप लावलं की टिटवी. गिऱ्हाइकांना वाटायचं मालाचं नाव सांगताहेत. न्हावीकाका म्हणायचे, "याला म्हणतात धंद्याचा माणूस, वाचा गेली तरी जाहिरात चालू!" आणि मग तोंड फिरवून आरसा पुसायचे. बाबा ते दर वेळी वेगळं म्हणायचे. पाण्याचं वेगळं, दुखण्याचं वेगळं. संध्याकाळी दाराकडे बघून म्हणायचे ते आणखी वेगळं, तू शाळेतून यायला उशीर केलास की म्हणायचे तसं, शेवटी वर उचलून. ते मी इतर वेळच्यात मिसळून टाकायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्थ असेलच असं नाही.

तू गेल्यावर या घरात ते नाव कुणी घेतलं नाही असं तुला वाटत असेल. ठसा रोज ठोकला जायचा. ठसा धरायचा हात गेला तेव्हा तोंडाने सुरू केलं. वापर एक दिवसही थांबला नाही, ताई. मॅडमनी पुरावा मागितला तर मी हेच सांगणार आहे.

तुझा,
कानामात्रा


१७ एप्रिल

ताई,

पत्रकाची नवी छपाई आली. 'खटक्याचा शोध' याच्यापुढे तुझं पूर्ण नाव आहे. तीन वेळा तपासलं, एकही चूक नाही. त्याने हक्क मिळत नाही हे मला माहीत आहे. खरं आहे म्हणून छापलं. खाली 'निर्मिती' म्हणून बाबांचं, आणि 'पक्षी' म्हणून आईचं.

नावाच्या नोंदणीचा अर्ज तयार आहे. मालक म्हणून तुझं नाव लिहिलं आहे. नको असेल तर खोडून टाक, मी दुसरा करीन.

बाबा गेल्यापासून निघालेल्या कुबड्या कोऱ्या आहेत. ठसा हातात घेतला की पडद्यामागून आवाज येईल असं वाटतं, आणि तो आला नाही की ठोकवत नाही. दुकानात कुणी नसताना एकदा ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. माझ्या तोंडी ते बरोबर बसत नाही. नुसतं मालाचं नाव होतं.

म्हणून लोखंडी ठसा तुझ्याकडे पाठवला आहे. काल वेगळ्या पार्सलने. ठोकायचं की नाही, कशावर ठोकायचं, का नदीत टाकून द्यायचं, हे तू ठरव. सांगशील तोवर मी कोऱ्याच विकीन. बूट चांगले आहेत, लोक घेतात.

पार्सल जड होतं. टपालाच्या खिडकीतल्या माणसाने वजन केलं आणि विचारलं, आत काय आहे?

मी म्हणालो, बहिणीचं नाव.

तो म्हणाला, नाव नको, वस्तू सांगा.

मी म्हणालो, लोखंड.

तुझा,
कानामात्रा